टायर अचानक फुटत नाही

मराठी वर्तमानपत्रांत अपघाताच्या बातमीचं एक ठरलेलं वाक्य असतं. टायर फुटल्याने चालकाचं वाहनावरील नियंत्रण सुटलं. बारकाईनं पाहिलं तर या वाक्यात माणूस कुठंच काही करत नाही. टायर आपला आपण फुटतो, नियंत्रण आपलं आपण सुटतं आणि माणसं मरतात. कुणी हवा पाहिली नव्हती का, कुणी जास्त माल भरला होता का, कुणी चुकीचा टायर विकला होता का, हे प्रश्न तिथंच संपतात.

गेले काही महिने मी अमेरिकेतल्या मोटरहोमचा, म्हणजे चाकावरच्या घरांचा इतिहास वाचतोय. तिकडे या गाड्यांना आर.व्ही. म्हणतात. आत पलंग, शेगडी, फ्रीज, पाण्याची टाकी आणि संडास-बाथरूम असतं. निवृत्त जोडपी घर बंद करून महिनोन्‌महिने या गाड्यांतून फिरतात. महाराष्ट्र सरकारनंही २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं, म्हणजे ही हौस आपल्याकडेही येऊ घातली आहे. या वाचनात एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. अशा प्रवासातलं मोठं भय इंजिन बंद पडण्याचं नाही, टायरचं आहे. आणि टायर फुटला तर दोष कुणाचा, यावर अमेरिकेत गेली कित्येक दशकं भांडण चालू आहे.

हवेवर उभी असलेली गाडी

रबर उन्हात चिकट आणि थंडीत कडक होतं. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर या अमेरिकी माणसाला गंधक आणि उष्णतेच्या साहाय्यानं रबर टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. तो १८६० मध्ये कर्जबाजारी अवस्थेत वारला. ज्या कंपनीला आज त्याचं नाव आहे, तिच्याशी त्याचा काहीही संबंध नव्हता. ती १८९८ मध्ये निघाली. हवा भरलेल्या टायरचं पहिलं पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसननं १८४५ मध्ये घेतलं. मात्र तेव्हा त्याला गिऱ्हाईक नव्हतं. पुढे १८८८ मध्ये बेलफास्टमधल्या जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरनं तीच कल्पना नव्यानं मांडली. तोवर सायकल आली होती, त्यामुळे धंदा चालला.

इथं एक साधी गोष्ट लक्षात घ्यायला हवी. गाडीचं वजन रबर उचलत नाही, आतली हवा उचलते. रबर आणि तारा हवेला कोंडून ठेवायचं काम करतात. चाक फिरताना टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो, तो दबतो आणि वर जाताना पुन्हा सरळ होतो. मिनिटाला शेकडो वेळा हे घडतं. लोखंडाची तार सतत वाकवली तर ती जशी गरम होते, तसाच टायरही गरम होतो. हवा कमी असेल तर तो जास्त दबतो, ओझं जास्त असेल तरी जास्त दबतो आणि वेग वाढला की गार व्हायला उसंत मिळत नाही. आतल्या पोलादी पट्ट्या रबरापासून सुटू लागतात. एक दिवस वरचा थर सालीसारखा निघून येतो. आपल्याला तो दिवस दिसतो, त्याआधीचे महिने दिसत नाहीत.

दोर गुंडाळलेलं चाक

१९०३ मध्ये होरेशिओ नेल्सन जॅक्सन नावाच्या डॉक्टरनं सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबमध्ये ५० डॉलरची पैज लावली. मोटारीनं अमेरिका ओलांडून दाखवतो म्हणाला. त्या वेळी असं कुणी केलं नव्हतं. त्यानं जुनी विंटन गाडी घेतली, सीवॉल क्रॉकर या मेकॅनिकला सोबत घेतलं आणि २३ मे रोजी निघाला. पंचवीस किलोमीटरही झाले नसतील, तोच टायर फुटला. त्या मापाची एकच स्टेपनी मिळाली होती, ती तिथंच लागली. पुढे वाटेत जुन्या ट्यूबा विकत घेतल्या. कॅलिफोर्नियातल्या अल्टुरास गावी नवे टायर येतील म्हणून तीन दिवस वाट पाहिली, ते आले नाहीत. पुढे टायर संपले तेव्हा चाकाला दोर गुंडाळून गाडी हाकली. २६ जुलैला, म्हणजे ६३ दिवसांनी, ते न्यूयॉर्कला पोहोचले.

सहा वर्षांनी, १९०९ मध्ये २२ वर्षांची ॲलिस रॅम्सी तीन बायकांना सोबत घेऊन न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला निघाली. ५९ दिवसांत ती पोहोचली. अशा रीतीनं देश ओलांडणारी ती पहिली स्त्री. सोबतच्या तिघींपैकी कुणालाही गाडी चालवता येत नव्हती. वाटेत ११ वेळा टायर बदलावा लागला. सुमारे ६,१०० किलोमीटरच्या या प्रवासात पक्का रस्ता २५० किलोमीटरही नव्हता.

या दोन्ही हकिकतींत टायर फुटल्याबद्दल कुणीही कुणाला दोष देत नाही. पंक्चर हा प्रवासाचा भाग होता. जॅक, पाना, पॅच, सोल्युशन आणि हातपंप ही शिदोरीइतकीच गरजेची गोष्ट होती. टायरवर कुणाचाच भरवसा नव्हता, म्हणून तो रोज पाहिला जायचा.

मित्रांची सहल

१९१० मध्ये पिअर्स-ॲरो कंपनीनं न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात झोपायची सोय असलेली मोटार मांडली. चाकावरच्या घराची ती सुरुवात मानली जाते. पहिलं महायुद्ध संपल्यावर १९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात ‘टिन कॅन टुरिस्ट्स’ नावाची प्रवाशांची संघटना उभी राहिली. हे लोक फोर्डच्या स्वस्त गाड्यांवर तंबू आणि फळ्या ठोकून निघायचे, डब्यातलं खायचे आणि ओळख म्हणून गाडीच्या रेडिएटरवर पत्र्याचा डबा लावायचे.

त्याच सुमारास चार नामांकित माणसं उन्हाळ्यात एकत्र सहलीला जात. मोटारवाला हेन्री फोर्ड, टायरवाला हार्वे फायरस्टोन, संशोधक थॉमस एडिसन आणि निसर्गलेखक जॉन बरोज. बरोबर तंबू, स्वयंपाकाची गाडी आणि आचारी असायचे. १९२१ मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंगसुद्धा त्यांच्या तळावर जाऊन राहिले. वर्तमानपत्रांत फोटो यायचे. मोटारीनं फिरायला जाणं ही सामान्य माणसाची हौस आहे, हे अमेरिकेला पटवण्यात या सहलींचा वाटा होता. यात व्यवहारही होता. १९०६ मध्येच फोर्डनं फायरस्टोनला टायरांची मोठी ऑर्डर दिली होती. १९४७ मध्ये तर फोर्डच्या नातवाचं फायरस्टोनच्या नातीशी लग्न झालं. सोयरीक म्हणावी ती अशी.

दरम्यान टायर सुधारत गेला. रबरात काजळी मिसळायला सुरुवात झाली, त्यामुळे पूर्वी पांढुरका असलेला टायर काळा झाला आणि कितीतरी पट जास्त टिकू लागला. आतलं कापड बदललं. पुढे ट्यूबलेस आला, पोलादी पट्ट्यांचा रेडियल आला. पंक्चर विरळ झालं. प्रवाशाच्या डिकीतून आधी पॅचची डबी गेली, मग हातपंप गेला आणि शेवटी टायर पाहायची सवय गेली. माझ्या मते इतिहासाचं खरं वळण इथं आहे. टायर चांगला झाला, म्हणून लोक त्याला विसरले. आणि नेमक्या याच काळात मोटरहोम अवाढव्य होत गेली.

एका मित्रानं दुसऱ्याकडे दाखवलेलं बोट

१९७८ मध्ये फायरस्टोनला आपले ‘५००’ नावाचे पोलादी पट्ट्यांचे सुमारे दीड कोटी टायर परत मागवावे लागले. वरचा थर सुटून अपघात होत होते. कंपनीचं म्हणणं होतं की लोक हवा नीट ठेवत नाहीत, ओझं जास्त भरतात.

२००० साली हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. फोर्डच्या एक्सप्लोरर गाड्यांवरचे फायरस्टोनचे टायर वेगात सालटून निघत आणि उंच गाडी उलटत असे. ऑगस्टमध्ये सुमारे ६५ लाख टायर परत मागवले गेले. सरकारी यंत्रणेच्या नोंदीनुसार अमेरिकेत २७१ माणसं मेली. फायरस्टोन म्हणाली, फोर्डनं या गाडीला २६ पौंड हवा पुरेशी असल्याचं सांगितलं, ती कमी होती, म्हणून टायर तापले. फोर्ड म्हणाली, गाडी ठीक आहे, टायरच वाईट आहे. आणि दोघांच्याही बोलण्यात मधूनमधून तिसरा आरोपी यायचा, तो म्हणजे हवा न पाहणारा मालक. तपास यंत्रणेनं २००१ मध्ये टायरमध्ये दोष असल्याचा निष्कर्ष काढला. त्याच वर्षी मे महिन्यात फायरस्टोननं फोर्डशी असलेला सुमारे ९५ वर्षांचा व्यवहार तोडला. ज्यांचे आजोबा एका तंबूत झोपत होते, त्यांच्या कंपन्या मेलेल्या माणसांवरून एकमेकींकडे बोट दाखवत होत्या.

या प्रकरणातून एक कायदा आला. नव्या गाड्यांत हवा कमी झाली की दिवा लागण्याची सोय सक्तीची झाली. पण ही सक्ती ४,५३६ किलोपर्यंतच्या गाड्यांना आहे. एका आसावर जोडचाकं असलेल्या गाड्या आणि मागं ओढायचे ट्रेलर तिच्यात येत नाहीत. म्हणजे ज्या गाडीत माणसं झोपतात, जेवतात, जिचं ओझं सगळ्यात जास्त आहे, ती मोठी मोटरहोम या नियमाच्या बाहेर राहिली.

शहरातला टायर, महामार्गावरचं घर

आता खास मोटरहोमचंच प्रकरण. गुडइयर कंपनीनं १९९६ ते २००३ या काळात जी-१५९ नावाचा एक टायर बनवला. एका मापात सुमारे १ लाख ७३ हजार नग. हा टायर मुळात शहरात माल पोहोचवणाऱ्या ट्रकसाठीचा, म्हणजे थांबत थांबत, कमी वेगानं चालणाऱ्या गाड्यांसाठीचा होता. तो मोटरहोमवर बसवला गेला. त्याच सुमारास, १९९५ मध्ये, अमेरिकेनं देशभरासाठी ठरलेली वेगमर्यादा रद्द केली होती. पश्चिमेच्या वाळवंटी राज्यांत गाड्या ताशी ११०-१२० किलोमीटरनं धावू लागल्या. तापलेला रस्ता, भरलेलं घर, वाढलेला वेग आणि त्याखाली शहरी टायर.

अपघात झाले, खटले झाले. बहुतेक खटले तडजोडीनं मिटले आणि कागदपत्रं गुप्त राहिली. एका कुटुंबाची मोटरहोम टायर फुटून रस्त्याबाहेर जाऊन उलटली होती. त्यांनी २००५ मध्ये दावा लावला. टायरच्या चाचण्यांचे अहवाल त्यांच्या वकिलांनी वारंवार मागितले. २०१० मध्ये खटला उभा राहण्याच्या तोंडावर त्यांनी तडजोड केली. काही महिन्यांनी वकिलाला वर्तमानपत्रातून कळलं की दुसऱ्या एका खटल्यात कंपनीनं असे अहवाल दिले आहेत. ताशी ९० ते १०५ किलोमीटरच्या वेगाला हा टायर फाजील तापतो, असं त्या चाचण्यांत दिसत होतं. खालच्या न्यायालयानं कंपनीवर पुरावा दडवल्याचा ठपका ठेवून २७ लाख डॉलर भरायला लावले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रकमेचा फेरविचार करायला सांगितलं. गैरवर्तनामुळे जेवढा खर्च झाला तेवढाच वसूल करता येईल, असं ते म्हणालं. गैरवर्तन झालंच नाही, असं मात्र त्यानं म्हटलं नाही.

त्यानंतर सरकारी चौकशी सुरू झाली. यंत्रणेनं ८ मृत्यू आणि ६९ जखमींची नोंद केली. २०२२ मध्ये कंपनीनं टायर परत मागवले. टायरमध्ये दोष नाही, हवा कमी किंवा ओझं जास्त असेल तर धोका आहे, हीच तिची भूमिका होती. शेवटचा टायर कारखान्यातून बाहेर पडून तोवर १९ वर्षं झाली होती. टायरचं आयुष्य सहा-सात वर्षांचं, त्याच्याविषयीचं सत्य बाहेर यायला मात्र दोन दशकं.

मग मालकानं काय करायचं?

कंपन्यांचं म्हणणं सोयीचं असलं तरी ते सगळंच खोटं नाही. हवा कमी असणं आणि ओझं जास्त असणं ही मोटरहोमची खरीखुरी दुखणी आहेत. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तीनशे लिटरची टाकी भरली की गाडीवर चार-पाच माणसांचं वजन वाढलं. स्वयंपाकघर आणि फ्रीज एका बाजूला असतील तर त्या बाजूचे टायर जास्त भार सोसतात. म्हणून तिकडचे जाणते प्रवासी घर भरून झाल्यावर गाडी काट्यावर नेतात आणि शक्य असेल तर प्रत्येक चाकाचं वजन वेगळं घेतात.

दुसरं, ही गाडी वर्षातले कितीतरी महिने उन्हात उभी असते. टायर झिजत नाही, नक्षी नव्यासारखी दिसते, पण रबर आतून सुकतं आणि बाजूला बारीक भेगा पडतात. म्हणून नक्षीपेक्षा वय महत्त्वाचं. टायरच्या बाजूवर कोरलेल्या क्रमांकाचे शेवटचे चार आकडे पाहावेत. २३१८ असेल तर तो २०१८ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. फोर्डनं २००५ पासून सहा वर्षांनी टायर बदलायची शिफारस केली. मिशलिन म्हणते, पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि दहा वर्षांपुढे वापरू नका.

तिसरं, हवा टायर थंड असताना, सकाळी निघण्यापूर्वी पाहायची. तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते म्हणून ती सोडणं धोक्याचं. जोडचाकातलं एक बसलं तर शेजारचं दोघांचं ओझं उचलतं आणि तेही जातं. ट्रेलरचा टायर फुटलेला तर पुढे चालकाला कळतही नाही. रबराच्या फाटक्या पट्ट्या खालची जमीन, पाण्याचे नळ, गॅसची नळी फोडत जातात.

आणि चौथं, पुढचा टायर फुटलाच तर पाय ब्रेककडे धावतो, तो आवरायचा. गाडी फुटलेल्या बाजूला ओढली जाते. मोठ्या मोटरहोमच्या चालकांना शिकवतात की स्टिअरिंग घट्ट धरा, क्षणभर ॲक्सिलरेटर दाबून गाडी सरळ रेषेत ठेवा आणि मग तिला आपोआप हळू होऊ द्या.

आपल्याकडचा जाणकार

अमेरिकेत रस्त्याच्या कडेचा पंक्चरवाला जवळजवळ संपला. फोन करायचा आणि मदतीची गाडी येईपर्यंत वाट पाहायची. आपल्याकडे तो अजून प्रत्येक नाक्यावर आहे. महामार्गावर केरळमधून आलेली माणसं टायरची दुकानं चालवतात. गावातल्या नाक्यावर बहुतेकदा आपल्यातलाच कुणी चाचा किंवा भाई असतो. गेली काही वर्षं ‘पंक्चरवाला’ हा शब्द मुसलमानांना हिणवायला वापरला जातो. हे हिणवणाऱ्यांनी कधी त्या माणसाचं काम पाहिलेलं नसतं. टायर हातात आला की तो आधी आतून तळवा फिरवतो. खिळा नक्षीत आहे की बाजूला, हे पाहतो. बाजूचा कट असेल तर पॅच लावायला नकार देतो, गिऱ्हाईक कितीही घाईत असलं तरी. आमच्याकडचे एक चाचा गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हाच विचारतात : “हवा कब देखे थे?” ज्या प्रश्नावर अमेरिकेत वकिलांच्या फौजा भांडल्या, तो ते शे-दोनशे रुपयांच्या कामात विचारून मोकळे होतात.

आपल्याकडेही आता ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आहे, सिमेंटचा, सरळ, वेगाचा. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खासगी बस पेटून २५ प्रवासी होरपळून मेले. चालक म्हणाला, टायर फुटला. परिवहन विभागाच्या पाहणीत मात्र टायर फुटल्याची खूण सापडली नसल्याचं वर्तमानपत्रांत आलं. टायर बोलत नाही, त्यामुळे त्याच्यावर ढकलणं सगळ्यात सोपं. अमेरिकेत कंपन्यांनी मालकावर ढकललं, इथं माणूस टायरवर ढकलतो.

म्हणून टायर फुटल्याची बातमी आली की तीन प्रश्न विचारायची सवय लावायला हवी. टायर किती वर्षांचा होता? गाडीत किती ओझं होतं? आणि हा टायर या कामासाठी बनलेला होता का? पहिल्या दोनांचं उत्तर मालकानं द्यायचं आहे, तिसऱ्याचं बनवणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं. तिन्हींची उत्तरं नोंदवून लोकांसमोर ठेवणं हे सरकारचं काम आहे. जी-१५९ च्या खटल्यांतले कागद वेळेवर उघडे झाले असते, तर त्या गाड्यांतली काही माणसं आज जिवंत असती, असं मला वाटतं.